रविवारच्या दुपारचं काय सांगायचं

रिपोर्टवर नऊ पूर्णांक दोन असा आकडा होता आणि शेजारी बारीक अक्षरात छापलं होतं, चारपर्यंत ठीक. प्रयोगशाळांचे आणि औषधवाल्यांचे तराजू तपासण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला हा आकडा काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको होतं. कामावर त्याला सगळे मिलीग्राम म्हणत. पापणीचा केस तराजूत पडला तरी याला कळतं, अशी थट्टा चाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, एवढ्याने धीर सोडू नका. प्रोस्टेटच्या तपासणीत आकडा वाढायला बरीच कारणं असतात. पण कॅन्सर नाही ना, ते बघायला हवं. गुरुवारी या, सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासायची तारीख ठरवू." मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "रक्त देण्याआधी दोन-तीन दिवसांत संबंध, सायकल, असं काही?"

त्या त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. शेजारी नर्स उभी होती.

"छे हो! या वयात कसलं काय!" तो म्हणाला आणि हसला. हसला तिथेच फसला.

कारण रक्त दिलं होतं सोमवारी सकाळी, आणि त्याच्या आदल्या दुपारी, रविवारी, घराचं दार लावलेलं होतं. वर्षभरापूर्वी ओटीपोटाच्या दुखण्यासाठी तो व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे जात असे. त्यांनी भिंतीवरच्या चित्रात दाखवलं होतं, मूत्राशयाखाली ही अक्रोडाएवढी ग्रंथी, हिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं, काही पुरुषांना गुदद्वारातून इथे दिलेल्या हलक्या दाबाने फार सुख वाटतं. तो चपलांकडे बघत राहिला. बायकोने मात्र ऐकून घेतलं, आणि चार महिन्यांनी एकदा सहज विचारलं, "बघायचं का?" हातमोजा, जेलची ट्यूब, भरपूर वेळ आणि तिचं ते सावकाश बोट. छप्पन्नाव्या वर्षी आपल्या अंगात एक खोली होती आणि तिची किल्ली आपल्याला माहीत नव्हती, असं त्याला झालं. पहिल्यांदा तो रडला होता. बायको घाबरली, तर हा रडत रडत हसत होता.

आता तेच सगळं अंगावर आलं. केलं तसं भरलं, असं मन म्हणू लागलं. पुरुषासारखा पुरुष, आणि हे कसले चोचले? सोमवारपर्यंत जे सुख होतं ते एका कागदाने गुन्हा ठरलं. मंगळवारी दवाखान्यातून आल्या आल्या त्याने ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली, दोन गल्ल्या सोडून कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकली आणि मागे वळून बघत घरी आला. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला. बायकोचा हात पाठीला लागला तर अंग चोरलं.

बुधवारी त्याच्या तराजूदुरुस्तीच्या दुकानात औषधवाला आला. जुनं गिऱ्हाईक. "मिलीग्रामसाहेब, हे वजन गेलं कामातून. पाच वर्षांत पहिल्यांदा चूक दाखवतंय."

त्याने वजन तपासलं. खरंच जास्त भरत होतं. "हाताने उचललंत?"

"काय बोलता! चिमट्याशिवाय नाही."

त्याने ते बाजूला, भंगाराच्या डब्यावर धरलं, आणि काय वाटलं कोण जाणे, भिंगाखाली घेतलं. पितळेवर अंगठ्याचा ठसा होता, तेलकट, वळ्या मोजता येतील इतका स्पष्ट.

"अहो, मग सांगायचं ना! चांगलं वजन फेकायला निघालो होतो मी!"

"लाज वाटली हो," औषधवाला कान खाजवत म्हणाला. "एवढी वर्षं दुकान चालवतोय. हाताने उचललं असं कोणत्या तोंडाने सांगू?"

मिलीग्रामने ठसा पुसून वजन पुन्हा तराजूत ठेवलं. बरोबर भरलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. आकडा, सुई, ट्यूब, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या हाताने तुम्हाला रोग झाला, असं धरून चाललात दोन दिवस?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. म्हणून तर अंग चोरता." तिने पीठ बोटांवरून खरवडून काढलं. बराच वेळ ती तेच करत होती. मग म्हणाली, "उद्या मी येते."

"तू सांगशील त्यांना?"

"मी? मी का सांगू? अंग तुमचं, खोटंही तुमचंच. मी शेजारी बसेन."

गुरुवारी नर्स बाहेर जाईल म्हणून तो थांबला. ती जाईना. डॉक्टरीणबाईंनी तारखांची वही उघडली, पेन टेकवलं.

"डॉक्टर, मी परवा खोटं बोललो. आदल्या दुपारी... ही ग्रंथी... आम्ही आतून दाबतो. सुखासाठी. ही करते, माझ्यासाठी."

नर्सने कपाटातला कापूस नीट लावला. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बरं झालं सांगितलंत. दुखतं का? रक्त वगैरे?"

"नाही."

"नखं कापलेली असतात माझी," बायको म्हणाली. "आणि हातमोजा."

"छान. ऐका काका, याने कॅन्सर होत नाही. तिथे मज्जातंतू आहेत, सुख वाटतं, त्यात पुरुषपणाचं काही जात नाही. पण आकडा मात्र वाढू शकतो. सुई आत्ता नको. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, आधीचा आठवडा सगळ्याला सुट्टी. तेव्हाही जास्त आला तर पुढचा तपास करावा लागेल. ते मी लपवत नाही."

तो उठला नाही. बायकोने त्याच्याकडे बघितलं.

"आणि ठीक आला," त्याने विचारलं, "तर पुन्हा... चालेल ना?"

"चालेल. दुखलं तर थांबा, आणि मला सांगा. या वेळी लगेच."

बाहेर जिन्यापाशी तो कठडा धरून थांबला. बायकोने कोपर धरलं.

"घाबरलात?"

"हो. सहा आठवडे, गं. आणि जास्तच आला तर?"

"मला पण तीच भीती आहे," ती म्हणाली.

वरून एक बाई फायली घेऊन उतरत होती, खालून कोणी कुबड्यांवर चढत होतं. ती दोघं लोकांच्या वाटेतच पायरीवर बसली, आणि त्याने तिचा हात उघड्यावर, सगळ्यांसमोर, आपल्या मांडीवर घेतला.