पुनवेचा अंगारा

काशीदच्या किनाऱ्यावर त्या पुनवेला एवढी माणसं लोटली होती की होड्या पाण्यात ढकलायला वाट उरली नव्हती. आगरदांड्यापासून बाया लेकरं काखेत घेऊन आल्या होत्या. मधोमध वाघाच्या कातड्यावर वायुनंद महाराज बसले होते. त्यांच्यापुढे पाण्याच्या घंगाळात तांब्याचं घटिकापात्र तरंगत होतं. तळाला बारीक भोक असलेली वाटी ती, लग्नात मुहूर्त मोजायला भटजी ठेवतात तसली.

भर दुपारी हरेश्वर कोळी देवळापासून सुरूच्या बनापर्यंत पळत गेला आणि पळत परत आला. तो पोचायच्या आधीच वाटी बुडाली होती.

"बघितलंत?" महाराज गरजले. "हे मानवाचे पाय! आता दिवेलागणीपर्यंत मौन. मग वायुदेव ह्या पायांत उतरतील. बच्चा, पाय तुझे, गती माझी!"

वायुदेवाला त्या दिवशी दुसरं काही काम नसावं, कारण दिवेलागणीला तो अगदी वेळेवर हजर झाला. महाराजांनी चिमूटभर अंगारा हरेश्वरच्या जिभेवर ठेवला आणि कानात फुंकर मारली. हरेश्वर पळाला. तेवढंच अंतर, तेच पाय. पण तो परत आला तेव्हा वाटी अजून तरंगत होती. लोकांनी एकच गलका केला. हरेश्वरचा बाप गुणाजी महाराजांच्या पायांवर आडवा पडला. बायांनी बोटं मोडून हरेश्वरची दृष्ट काढली.

हरेश्वरची नजर गर्दीत नलूला शोधत होती. नलूच्या बापाचे, रावजीचे, दोन मुलगे दर्यानं नेले होते. मुलगी द्यायची तर जमिनीवर पगार मिळवणाऱ्यालाच, असं त्यानं देवासमोर बोलून टाकलं होतं. शिमग्याच्या आधी रेवदंड्याहून अलिबागेपर्यंत धावण्याची मोठी शर्यत होती. पहिल्या येणाऱ्याला मुंबईची एक गिरणी आपल्या खेळाडूंत घेऊन कायमचं काम देणार होती. "शर्यत मार आनि पोरगी ने," असं रावजीनं हरेश्वरला चारचौघांत सांगितलं होतं.

दिवाळीपासून बाळाजी मास्तर त्याची तयारी करून घेत होते. मास्तर शाळेत शिकवत, आणि पुण्यात असताना स्वतः शर्यती धावलेले होते. अलिबागच्या आखाड्यातली पोरं रोज चार-चार कोस पळत. हरेश्वरचे निम्मे दिवस जाळ्यावर जात.

"तुला रोज लांब पळायला सवड नाही," मास्तर म्हणाले होते. "मग थोडं पळ. आठवड्यातून तीनदा. पण पळशील ते जीव तोडून. घाटीचा चढ एका दमात चढायचा, चालत उतरायचं, पुन्हा चढायचा. ओकारी आली तरी आणखी एकदा चढायचा."

हरेश्वर खरोखरच ओकत असे. मांड्या पेटायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण मार्गशीर्ष उजाडेपर्यंत तो आधी जिथं बसायचा तिथून न थांबता पुढं जाऊ लागला होता.

आणि नेमके तेव्हा महाराज आले. मास्तरांची पद्धत त्यांनी चार लोकांकडून ऐकली आणि तिच्यातलं अर्धंच उचललं.

"मास्तर म्हणतो थोडं पळ. बरोबर आहे! पण थोडं तरी का? वारा कधी तालीम करतो का? शक्ती साठव, बच्चा. शर्यतीपर्यंत पाऊल पळवू नकोस, रोज अंगारा चाट!"

घाम गाळायचा नाही, ओकायचं नाही, आणि वर देवाचा हात डोक्यावर! कोण नको म्हणेल? हरेश्वरनं घाटी सोडली. मास्तर दोनदा घरी आले. गुणाजीनं त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

नलूनं मात्र त्याला विहिरीवर गाठून सुनावलं. "मास्तराच्या सांगन्यात घाम हाय, महाराजाच्या सांगन्यात गोडी हाय. तू गोडी बघतोस, हरेश्वर."

"माज्या डोल्यांनी बघितलंय मी," तो म्हणाला. "माजेच पाय व्हते ना ते?"

साऱ्या गावानंही आपल्या डोळ्यांनीच बघितलं होतं.

शर्यतीच्या दिवशी जिभेवर अंगारा ठेवून हरेश्वर सुटला. चौलपर्यंत तो पहिल्या तिघांत होता. नागावच्या वाडीत मांड्यांत गोळे आले. वायुदेवाला हाका मारत तो आणखी थोडा रेटला आणि सडकेच्या कडेला कोसळला. आखाड्यातली पोरं त्याच्याकडे न बघता पुढं गेली. त्याला अलिबागेत आणलं ते बैलगाडीतून.

"श्रद्धा कमी पडली," महाराज थंडपणे म्हणाले. गावानंही मान डोलावली. महाराज दर पुनवेला-अवसेला कुणाला तरी पळवत राहिले, आणि त्यांच्याकडे कोंबडे नि तांदूळ येतच राहिले. रावजीनं आठ दिवसांत नलूचं उरणला ठरवलं, बंदरावर मुकादम असलेल्या बिजवराशी.

हरेश्वर मास्तरांकडे गेला तो खाली मान घालून. "मास्तर, माजी श्रद्धा खरंच कमी पडली का वो?"

मास्तरांनी उलट विचारलं, "महाराज पुनवेला नि अवसेलाच का पळवतात रे? अष्टमीला का नाही?"

"मुहूर्त असतो त्यांचा."

"पुनवेला भरती कधी असते?"

"भर दुपारी," हरेश्वर झटकन म्हणाला. काशीदच्या शेंबड्या पोरालाही तिथीवरून पाणी सांगता येतं. "आनि दिवेलागनीला ओहोटी..."

भरतीला पळायला उरते ती वरची कोरडी वाळू. तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. ओहोटीला उघडी पडते ती ओली, घट्ट, अंगणासारखी चोपलेली वाळू. हे तो चालायला लागल्यापासून जाणत होता. पण त्या दिवशी तो, त्याचा बाप नि सारा कोळीवाडा महाराजांच्या चिमटीकडे बघत होता. पायांखाली कुणी बघितलंच नाही.

अष्टमीला मास्तरांनी गाव गोळा केला. त्या तिथीला दुपारी ओहोटी असते नि संध्याकाळी भरती.

"महाराज, आज दाखवा चमत्कार," मास्तर म्हणाले.

"अष्टमीला वायू निजतो!"

"निजू दे. आम्ही त्याला उठवत नाही. फक्त तुमची वाटी नि अंगारा द्या."

लोकांसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. दुपारी हरेश्वर अंगाऱ्याशिवाय ओल्या वाळूवरून पळाला. तो परत आला तेव्हा वाटी तरंगत होती. मग तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. संध्याकाळी भरती चढल्यावर त्यानं सगळ्यांदेखत मूठभर अंगारा खाल्ला आणि कोरड्या वाळूतून पळाला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच वाटी बुडाली.

वेणूबाई नावाच्या म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "म्हंजे आमची वालूच आमाला दाखवून कोंबडे खाल्ले व्हय ह्यानं?" लोक वळून बघतात तो वाघाचं कातडं रिकामं होतं. महाराज आगरदांड्याहून तरीनं दिघीला पसार झाले. तिकडेही पुनवेला दुपारीच भरती असते.

हरेश्वर रावजीपुढं जाऊन उभा राहिला. "पुढच्या सालाला मी शर्यत मारीन. घाटी चढतो, उद्यापासून."

"मारशील रं," रावजी म्हणाला. "पन उरणला सुपारी फुटली. शब्द गेलाय माजा."

नलू बापाच्या मागंच उभी होती. ती रडली नाही. "रोज ज्या वालूवर चालतोस," ती म्हणाली, "तिला इचारायचं व्हतंस ना रं एकदा."

पुढच्या आठवड्यात ती उरणला गेली. पुढच्या साली हरेश्वरनं शर्यत मारलीही. मुंबईला गिरणीत लागला. गावी तो फारसा येत नाही.

वायुनंदांची आता मला चीड येत नाही; लुबाडणं हा त्यांचा धंदाच होता. चीड येते ती आपली. पाण्याची वेळ आपल्याला तोंडपाठ, वाळू आपल्या पायांखालची, आणि तरी परक्या माणसानं त्याच वेळेला मुहूर्त म्हटलं की आपण हात जोडतो! चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: आम्ही म्हणू त्या दिवशी, नाहीतर उलट्या क्रमानं, आधी अंगारा नि मग नुसते पाय, असं करून दाखव. तो टाळाटाळ करू लागला तर उठून घरी जा. हे विचारायला शिक्षण लागत नाही, थोडी हिंमत लागते. हरेश्वरनं ती वेळेवर केली नाही, आणि त्याचा भुर्दंड नलूलाही जन्मभर भरावा लागला.