आत्याचं गूळ-पाणी

श्रीपूरच्या शाळेत गोळाफेकीत विजयमालेच्या तोडीचं कुणी नव्हतं. पोर नववीतली, पण अंगानं अशी भरलेली की बघणाऱ्यानं कॉलेजातली समजावी. तिच्या घरी याला कुणी लठ्ठपणा म्हणत नसे. खात्यापित्या घरची पोर अशीच दिसायची, असं वडील धोंडीराम चारचौघांत छाती फुगवून सांगत.

या कौतुकाला नजर लागली ती शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांची. त्यांनी वजन बघितलं, आजोबांचा पाय मधुमेहानं कापावा लागला होता हे ऐकलं आणि सांगून टाकलं, "आधी सोलापूरला रक्त तपासून घ्या. साखर किती, चरबी किती, ते कळल्याशिवाय हिला खेळायला पाठवू नका." जिल्ह्याच्या स्पर्धा तर तोंडावर आलेल्या. विजयमालेचा जीव टांगणीला लागला.

आदल्या रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पोरीनं ते अगदी नेटानं पाळलं. पहाटेच्या एसटीत शेजारणीनं दशम्या सोडल्या, तेव्हा ही खिडकीकडं तोंड करून बसली. मोहोळच्या स्टँडवर गरम भज्यांचा वास सुटला होता, तिकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

सोलापुरात बजाबाई आत्या दारातच उभी होती. ही धोंडीरामची थोरली बहीण, अंगानं काटकुळी आणि मायेनं ओथंबलेली. तिनं भाचीच्या पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं आणि लगेच तिला घेऊन दवाखाना गाठला. भाचीसाठी आत्याचा हात कधी आखडत नसे. गुळाचा खडा चांगला लिंबाएवढा होता.

रक्त दिलं. दुपारी डॉक्टर हेमावतीबाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उपाशीपोटी एवढी साखर? खरं सांग, काय खाल्लं होतंस?"

"काय बी न्हाय, बाई."

"लेकराच्या पोटात कालपास्नं अन्नाचा कण न्हाय!" आत्या मध्येच कडाडली. "बिरदेवाची आण!"

"मग गोळा सध्या बंद," बाई हळूच म्हणाल्या. "पुढच्या तपासण्या करू."

विजयमाला भर रस्त्यात हुंदके देत आत्याच्या घरी आली. आजोबांचा कापलेला पाय आणि शाळेचा गोळा, दोन्ही तिच्या डोळ्यांपुढनं हलत नव्हते. आत्यालाही काही सुचेना. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"उनातनं आलीस. आदी गूळ-पानी घे, मग रड."

विजयमालेनं हात पुढं केला आणि तळव्यावरच्या गुळाकडं बघतच राहिली.

"आत्या, सकाळी बी ह्योच दिलतास की!"

"मग? घरी आलेल्याला नुसतं पानी देत्यात व्हय?"

"अगं, पोटात काय जाऊ द्यायचं नव्हतं!"

"ह्ये काय खानं हाय का? पान्यासंगं..." बोलता बोलता आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

दोघी आल्या पावली दवाखान्यात पळाल्या. हेमावतीबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "उद्या सकाळी परत या. आणि गूळ डब्यात राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी आत्या गुळाच्या डब्यापुढं ठाण मांडून बसली. भाची उपाशी म्हणून तिनंही चहा घेतला नाही. या खेपेला साखर अगदी बेताची निघाली. चरबी मात्र थोडी वर होती. बाई म्हणाल्या, "गोळा फेक, पण रोज पळायचं. तळलेलं आणि गोड कमी. तुझ्या घराण्यात मधुमेह आहे, तेव्हा दर वर्षी रक्त दाखवायचं. जाड असो की बारीक, तो अंग बघून येत नाही."

स्पर्धेत विजयमालेनं गोळा असा फेकला की मोजायला उभे असलेले मास्तर घाईघाईनं मागं सरले. पहिला नंबर आला. पदक गळ्यात घालून ती थेट आत्याच्या दारात आली. आत्यानं तांब्या पुढं केला, नुसत्या पाण्याचा. विजयमालेनं तो एका दमात रिकामा केला. पण आत्याची दुसरी मूठ मिटलेलीच होती.

"त्यात काय हाय?"

"माज्यासाटी हाय," आत्या लाजून म्हणाली. "नुसतं पानी दिलं की माजंच मन खातंय. मग तुज्या वाटचा मी खाते."

विजयमाला खळखळून हसली. हसता हसता मध्येच थांबली.

"आत्या, पाय गेला ते आजोबा तुजेच वडील न्हवं का? तुजं रगत कवा बघितलंय?"

"मला काय धाड भरलीय? बघ की माज्याकडं, नुसती काडी!"

"बाई काय म्हनल्या, इसरलीस?" पोरीनं आत्याची मिटलेली मूठ धरली. "मला तू दोन्ही पायांवर पायजेस, आत्या. उद्या डब्यापुढं मी बसनार."

आत्यानं मूठ उघडली, खडा डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

"पहाटं उठव मला," ती म्हणाली.