मामाआजोबांच्या नावावर

सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी आजोबांचं आडनाव चौथ्यांदा विचारलं आणि मी चौथ्यांदा सांगितलं. अर्ज, नात्याचा पुरावा, माझं ओळखपत्र, सगळं टेबलावर हजर होतं. आजोबांचाच काय तो पत्ता नव्हता.

आजोबा दारू पिऊन कालव्याकाठी पडले आणि गेले, असं आमच्या घरात अडुसष्ट वर्षं मानलं जातंय. त्यावर बोलत कुणी नाही; विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठतं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. परवा मला म्हणाली, "मी डोळे मिटायच्या आत पोस्टमॉर्टेमचा कागद बघून ये गं. प्यायले होते की नव्हते, एवढंच कळू दे."

म्हणून मी हट्टाला पेटले होते. ही माझी तिसरी खेप.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ओळख पटवायला कोण गेलं होतं?"

"आजीचा भाऊ. माझे मामाआजोबा."

"मग त्यांचं आडनाव सांगा ना! तेव्हा शवागारात माणूस बिननावाचा यायचा. जो येऊन ओळखायचा, त्याच्याच नावावर नोंद व्हायची."

हे आता सांगताय? पण भांडायला वेळ कुणाला होता! मी आडनाव सांगितलं आणि पाचव्या मिनिटाला रजिस्टर समोर आलं. माझं बोट पानावरून खाली गेलं.

'जठरात चहा व पाव. मद्याचा अंश नाही. हृदयाची धमनी गुठळीने बंद.'

"नव्हते प्यायले!" मी किंचाळलेच. बाईंनी दटावायचं सोडून चक्क टाळी दिली. मी तिथूनच फोन लावला.

"आत्या, थेंबभरसुद्धा नाही! हार्ट अटॅक होता!"

पलीकडून हुंदका आला. मला वाटलं, आनंदाने रडतेय.

"त्या दिवशी मी पाहिलं होतं त्यांना," ती म्हणाली. "शाळा सुटली होती. समोरून झोकांड्या खात येत होते. मला बघून हात केला. मैत्रिणी हसायला लागल्या. मला लाज वाटली गं. मी मान फिरवली आणि गल्लीत वळले."

माझा आनंद कुठे ठेवू, मला कळेना.

"आत्या, तू नऊ वर्षांची होतीस."

"हं." तिने नाक ओढलं. "कागद हातात आहे ना? पहिल्यापासून वाच. सावकाश. या वेळी मी कुठे जात नाही."