रांगेतले आठ दिवस

दिवसभर मान मोडून काम केलं होतं, तरी पावणेसहाला एप्रन खुंटीला अडकवून मेणबाई तडक व्याख्यानाला निघाली. प्रयोगशाळेत बावीस वर्षं ती हेच करत आली होती: गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, पापुद्र्याएवढा पातळ कापायचा, काचेवर चढवायचा. म्हणून हे नाव. कर्करोगावरचं व्याख्यान तिला काय नवीन सांगणार? पण तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ओळखीच्या डॉक्टरांना विचारायची छाती नव्हती.

सभागृहाच्या दारात वहिनी उभी.

"घर खायला उठतं हो वन्सं. म्हटलं, तुमच्याबरोबर बसते. काही कळलं नाही तर तुमच्या खांद्यावर झोप काढीन."

हिला नको कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दादाला जाऊन पाच महिने झाले होते. त्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा मेणबाईच्याच टेबलावर आला होता. "घे की आधी," साहेब म्हणाले होते. पण घरच्याचा नमुना रांग मोडून घ्यायचा नाही, हा हिचा बाणा. साहेबांच्या मेव्हण्यालाही हिनं थांबवलं होतं, त्याची केवढी फुशारकी! दादाचा तुकडा आठ दिवस पडून राहिला. जळो मेला तो बाणा! घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर जांभळ्या पेशी आल्या. "हे तुम्ही करता? किती नाजूक काम!" वहिनी कौतुकानं कुजबुजली. मेणबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रश्नांची वेळ आली तशी ती उठली. "मानेत गाठ होती. रिपोर्ट आठ दिवस उशिरा आला. तेवढ्यानं माणूस जातो का?"

"नाही हो," व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई मायेनं म्हणाल्या. "गाठ मानेत आली म्हणजे घशातला आजार आधीच पसरलेला. आठ दिवसांनी काही बिघडत नाही. कुणी स्वतःला दोष देत असेल तर देऊ नका."

छातीवरचा धोंडा उतरला. मेणबाईला रडू फुटलं. बाईंनी तिथंच थांबावं ना! पण त्या मोठ्या कळकळीच्या.

"बिघडतं ते आधी. आवाज बसतो, महिनोन्महिने सुटत नाही. घरचे म्हणतात, गुळण्या करा, जाईल. तेव्हाच आणलं तर बहुतेक पेशंट वाचतात."

मेणबाई मटकन खाली बसली. वहिनी पडद्याकडेच बघत होती.

"चार महिने बसला होता ह्यांचा आवाज," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जातो म्हणत होते. मीच म्हटलं, एवढ्याशा घशासाठी कशाला? रोज मी मिठाचं पाणी करून देत होते हो, वन्सं."

"वहिनी, अगं, माझ्याकडे तो तुकडा आठ दिवस..."

"त्यानं काही बिघडत नाही," वहिनी म्हणाली. "आत्ताच सांगितलं ना त्यांनी."