बेसिनमध्ये ओतलेलं तेल

डॉक्टरांनी माझ्या कंपवातासाठी लिहून दिलेलं गांज्याचं तेल मुलाने बेसिनमध्ये ओतून टाकलं.

"बाबा, घरात लहान पोर आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक येतात का रे माझ्या शर्टाची बटणं लावायला?" मी ओरडलो.

त्या थेंबांनी कंप जात नसे, पण आखडलेली बोटं सैल व्हायची आणि मी नातीला अक्षरं गिरवून दाखवायचो. आज 'ळ' काढताना खडू तीनदा मोडला.

"आजोबा, मी तुमचा हात धरू?" नात म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांची चिठ्ठी मी मुलापुढे आपटली. "न वाचताच ओतलंस ना? बस खाली! पन्नास वेळा लिहून काढ. मग नवी बाटली आण."

नातीने लगेच आपली दुरेघी वही बापापुढे सरकवली.