डाव्या आरशाची काच

यशोधन म्हणाला, रस्त्यात उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. डावा आरसा, ड्रायव्हरच्या बाजूचा. काच पडली नव्हती, पण पार चिरफाळली होती, आणि त्याच संध्याकाळी त्याने तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून टाकली होती. ‘शनिवारी बदलतो,’ म्हणाला. असे बरेच शनिवार गेले.

मला पहिल्यांदा खटकलं ते खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेम्केंमुळे. जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, पोलिसांत कळवलंत ना? मी वर येऊन यशोधनला विचारलं. तो म्हणाला, ‘एवढ्याशासाठी कशाला?’ याच माणसाने सायकलची घंटी चोरीला गेली तेव्हा ऑनलाइन तक्रार केली होती. घंटी. फोटोसकट.

त्याच सुमाराला त्याच्या डाव्या हाताची बोटं सोलवटली होती. तळघराचं दार लागलं म्हणाला. मी हळद लावून दिली, आणि या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

यशोधन गाड्यांच्या काचा तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. म्हणजे डिसेंबरपर्यंत आहे, मग लॅब बंद होणार. आत्ताच काम अर्ध्या वेळाचं झालंय, म्हणून आमच्या साडेतीन वर्षांच्या उर्जाला सकाळी किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, सोडायला तोच जातो. परत आला की नोकरीचे अर्ज करायला लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरात बसतो. मी पलीकडच्या खोलीत माझं काम करत असते आणि कीबोर्डचा आवाज येतोय का ते ऐकत असते. बहुतेक वेळा येत नाही.

लायसन्स माझ्याकडेही आहे, पण मी गाडी चालवते ती सुपरमार्केटपर्यंत. हॅम्बर्गच्या पावसात, ट्रकांच्या मधून, मागे पोर बसवून, नको वाटतं. पण हल्ली उर्जा सकाळी बूट घालताना विचारायला लागली होती, ‘मामा फेर्ट?’ आई चालवणार का गाडी? रोज. नाही म्हटलं की काही बोलायची नाही, दुसरा बूट पुढे करायची. एखाद्या वस्तूला हात लावू नकोस म्हटलं की ती अशीच गप्प होते.

मग मीच काच मागवली. व्हिडिओ पाहिले. अवघड नव्हतं. फुटकी काच वरच्या कडेला आत दाबायची, की खालची कड पुढे येते, तिथून उचकटायची. नवी काच मधोमध धरून तळव्याने दाबायची, क्लिपा बसल्याचा आवाज येतो. थंडीत मात्र क्लिपा कडक होतात आणि तुटतात, असं सगळे सांगत होते.

शनिवारी सकाळी यशोधन भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता, पण उठला नाही. मी पिशवीत नवी काच, एक लाकडी उलथनं आणि उर्जाचं पोट दुखलं की वापरतो ती गरम पाण्याची पिशवी भरून घेतली. उर्जाला जाकीट चढवलं, गाडीची जादा किल्ली घेतली. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की तिला घरी ठेवता आलं असतं. बाहेर भुरभुर पाऊस होता, काचेचं काम होतं, घरी तिचा बाबा होता. तरी मी तिला बरोबर घेतलं होतं. मी परत वळले नाही.

तिला मागे तिच्या सीटवर बसवलं, हातात खायला ब्रेझेल दिलं, आणि पुढचं दार उघडून, त्याची खिडकी खाली करून ड्रायव्हरच्या सीटवर आडवी बसले. गरम पिशवी आरशावर धरून ठेवली. तेवढ्या वेळात करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आरसा बघत बसले.

आरशाचं मागचं कवच कोरं होतं. कुणी जाता जाता ठोकलं तर कवचावर ओरखडा येतो, आरसा घडी होऊन मागे वळतो. इथे काहीच नाही.

आमचं लग्न नवं होतं तेव्हा यशोधन लॅबमधून फुटक्या काचांचे फोटो आणायचा आणि जेवताना फोन माझ्यापुढे धरायचा. ‘सांग, मार कुठे बसला?’ मी काहीतरी सांगायचे. ‘अगं, रेषा बघ. सगळ्या जिथून निघतात तिथे.’ पुढे पुढे मला जमायला लागलं. तो मित्रांना सांगायचा, हिला लॅबमध्ये घ्या, माझ्याआधी प्रमोशन मिळेल.

चिकटपट्टीखाली सगळ्या रेषा एकाच जागेवरून निघाल्या होत्या, काचेच्या आतल्या अर्ध्या भागातून. मी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरच्या सीटवरून डावा हात खिडकीतून पुढे केला. मूठ बरोबर तिथे पोचली. पट्टीमुळे पाऊस आत गेला नव्हता, आणि एका चिरेत दोऱ्याएवढी तपकिरी रेघ वाळलेली होती.

मी पिशवी बाजूला ठेवली. कड दाबली, उलथन्याला फडकं गुंडाळून आत घातलं. काच कटकन सुटून हातात आली. तिच्या पाठीला दोन बारीक वायर लटकत होत्या, त्या ओढून काढल्या. नवी काच धरली आणि तळव्याने जोर लावला.

‘नाइन, मामा,’ मागून उर्जा म्हणाली. ‘निष्ट हाउएन.’ नाही, आई, मारायचं नाही. किटातल्या बाई मुलांना सांगतात तसं.

‘मारत नाहीये गं. बसवतेय.’

‘बाबा हाट आउख गेहाउएन.’

बाबानेही मारलं होतं.

‘कुणाला?’ मी आरशाकडेच बघत विचारलं. मागे वळायचा धीर झाला नाही.

‘श्पीगल.’

आरशाला. मी श्वास सोडला. ‘मग? तू रडलीस?’

‘नाइन,’ ती म्हणाली. तोंडात ब्रेझेल होतं. ‘बाबा हाट गेवाइंट.’

बाबा रडला. मी काच दाबली. एक क्लिप बसली, दुसरी बसली. बराच वेळ मी तळवा तसाच दाबून ठेवला होता.

वर आलो तेव्हा यशोधन चहा करत होता. उर्जा जाकीट तिथेच टाकून आपल्या खोलीत पळाली.

‘कुठे होतात?’

‘आरसा बसवला.’

‘तू?’

‘नाही, फ्राऊ लेम्केंनी.’

तो हसला नाही. ‘आधी कुठली कड दाबलीस?’

‘वरची.’

‘गेनाऊ, बरोबर. क्लिपा तुटल्या नाहीत?’

‘गरम पाण्याची पिशवी धरली होती.’

‘हुशार आहेस,’ तो म्हणाला, आणि दोन कप काढले.

मी जुनी काच पट्टीसकट टेबलावर ठेवली. ‘सांग, मार कुठे बसला?’

त्याने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काचेकडे. चहा उतू जायला लागला तेव्हा त्याने मागे हात करून शेगडी बंद केली.

‘समोरून,’ तो म्हणाला. ऑफिसात रिपोर्ट वाचतात तशा आवाजात. ‘ड्रायव्हरच्या सीटवरून. मुठीने.’ मग खुर्ची ओढून बसला. ‘ती मागे होती.’

‘माहितीये. तिनेच सांगितलं.’

‘काय म्हणाली?’

‘की बाबा रडला.’

तो नखाने चिकटपट्टीची कड खरवडत राहिला. ‘किटाला चाललो होतो. ब्रेमेनच्या कंपनीचा फोन आला. नाही म्हणाले. इतक्या छान शब्दांत नाही म्हणाले, की मी उलट आभार मानले, डांके म्हटलं. दोनदा म्हटलं. फोन ठेवला, सिग्नल लाल होता, खिडकी उघडी होती. आल्झो, तर एवढंच.’

‘मला सांगायचंस.’

‘काय सांगू? तू आधीच रात्रभर हिशोब लावत जागी असतेस, व्हिसाचं काय, घराचं काय. ऐकू येतं मला, कूस बदलतेस ते.’

मी शेगडीवर सांडलेला चहा पुसायला लागले.

‘तिच्या अंगाला कधी हात लावला नाहीये मी, मुक्ता.’

‘मी विचारलं नाही.’

‘विचारलंस,’ तो म्हणाला. ‘मी घरात असताना, पावसात, काचेच्या कामाला तिला बरोबर घेऊन गेलीस.’

यावर नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. त्याने खिशातून आपली गाडीची किल्ली काढली आणि काचेशेजारी ठेवली, आवाज न करता.

‘सोमवारी डॉक्टरकडे जाऊ,’ मी म्हटलं. ‘मी येते बरोबर.’

‘आणि तिथे काय सांगायचं? आरसा फोडला?’

‘झोप येत नाही म्हणून सांग. तिथून सुरुवात कर.’

त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

सोमवारी तो मागे बसला, उर्जाशेजारी. मी गाडी काढली. उर्जाने त्या दिवशी काही विचारलं नव्हतं, स्वतःच दोन्ही बूट घालून दारात उभी होती, आणि त्याने ते बघितलं होतं.

मोठ्या रस्त्याला लागलो. पावसाने सगळ्या काचांवर वाफ धरली होती. मी हीटर लावला. पुढची काच मोकळी झाली, उजवा आरसा मोकळा झाला. डावा तसाच पांढरा.

‘आरसा तापवणाऱ्या मागच्या वायर जोडल्या नाहीस,’ मागून यशोधन म्हणाला.

मला त्या लोंबत्या वायर आठवल्या, आणि मग तळव्याखाली बसलेल्या क्लिपा. ‘राहिल्या.’

‘परत काढावी लागेल काच.’

‘मग काढ ना. घरी गेल्यावर.’

‘बघू,’ तो म्हणाला.

डाव्या बाजूने एक ट्रक येत असल्याचा आवाज होता, आरशात नुसता धुरकट उजेड. मला लेन बदलायची होती.

‘थांब,’ यशोधन म्हणाला. खिडकीची वाफ बाहीने पुसून तो मागे वळून बघत होता. ‘अजून नाही. थांब.’

मी थांबले.