इंजनाची दांडी

"काकू, याच्यात काहीच करा लागत नाही. लाइन गेली का हे आपोआप चालू होते. तुमी नुसतं बसून राहा," दुकानदार हेमसिंग म्हणाला आणि त्याने कपाटाएवढ्या जनरेटरच्या पत्र्यावर कौतुकाने थाप मारली.

"अन् नाईच झालं तं?" रंगूबाईंनी विचारलं.

"तं कंपनीचा माणूस येते ना."

"कुठून?"

"अकोल्याहून."

"वावधानात? झाडं रस्त्यात पडल्यावर?"

हेमसिंगने विकासकडे पाहिलं. त्याच्या लेखी गिऱ्हाईक विकासच होता. पुण्याहून रजा काढून आलेला, आईला वाशिमच्या दुकानात घेऊन आलेला आणि सगळी माहिती आधीच मोबाईलवर वाचून आलेला. आई सोबत आली होती ती जनरेटरला हळदीकुंकू लावायला, असाच त्या दोघांचा समज दिसत होता.

खरं तर त्या दुकानात जीव टांगणीला लागलेलं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे रंगूबाई. गेल्या मे महिन्यात वादळाने त्यांच्या गावचे, अनसिंगचे, विजेचे खांब आडवे केले आणि नवऱ्याचं, पुंजाजींचं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. इन्व्हर्टरने थोडी साथ दिली, मग सिलिंडरने दिली, मग तोही संपत आला. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना वाशिमच्या दवाखान्यात आणताना रंगूबाईंनी त्यांची नखं निळी होताना पाहिली होती. वाटेत पडलेली झाडं बाजूला होईपर्यंत त्या ती नखं चोळत बसल्या होत्या. यंदा वादळाचे दिवस लागायच्या आत जनरेटर घरी यायलाच हवा होता.

"आई, आपोआपवालाच घेऊ," विकास म्हणाला. "तुले काई कराचं कामच नाही पडत."

"काम पडलं तं मी करीन. पण मले करता आलं पाह्यजे."

असं म्हणून त्या दुकानात फिरू लागल्या. कोपऱ्यात डिझेलचा एक बुटका जनरेटर धूळ खात पडला होता. त्याला चावी होती आणि ओढायची दोरीही होती. रंगूबाईंची नजर गेली ती त्याच्या डोक्यावरच्या बोटभर दांडीवर. त्यांनी ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि त्या हसल्या.

"हे तं आपलंच इंजन हाय," त्या म्हणाल्या.

विजेची मोटार येण्याआधी त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजन होतं. हँडल पुंजाजी मारायचे. पण ती दांडी कोणीतरी धरून ठेवल्याशिवाय इंजन फिरायला हलकं होत नसे, आणि वेग आला की नेमक्या क्षणी ती सोडावी लागे. लवकर सोडली तर हँडल उलटं येऊन मनगट मोडायचं, उशिरा सोडली तर सगळी मेहनत पाण्यात. पुंजाजी घामाघूम होऊन हँडल फिरवायचे, "सोड" म्हणायचे, आणि रंगूबाई सोडायच्या. पंचक्रोशीत कोणाचं इंजन अडलं की पुंजाजींना बोलावणं यायचं. ते बायकोला सायकलवर मागे बसवून घेऊन जायचे. इंजन धडधडलं की बाजेवर बसून चहा पुंजाजी प्यायचे आणि मिशीवरून हातही तेच फिरवायचे. गावाने त्यांना इंजनवाला पुंजाजी असं नाव दिलं. दांडी सोडणारीला नाव द्यायचं कोणाला सुचलं नाही, आणि ते राहून गेलं म्हणून तिनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. नवऱ्याच्या नावात आपलंही काही आहे, हे तिचं तिला ठाऊक होतं.

"बाबाले इचारू का?" विकासने शेवटचा उपाय म्हणून फोन लावला.

मशीनच्या नळीला बांधलेले पुंजाजी घरी फोनचीच वाट पाहत होते. "चालू करून फोन जवळ धर," त्यांनी हुकूम सोडला. "मी आवाजावरून सांगतो."

हेमसिंग दोरीकडे वळतो न वळतो तोच दुकानासमोर उभा असलेला टेम्पो सुरू झाला.

"हाच," पुंजाजी फोनमधून म्हणाले. "हाच घ्या. कसा ठोक्याले ठोका देऊन राह्यला पाहा."

विकासने तोंड उघडलं. रंगूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. त्यांनी फोन स्वतःकडे घेतला. "हो, तुमी म्हणता तोच घेतो," त्या म्हणाल्या, आणि टेम्पो निघून गेल्यावर डिझेलच्या बुटक्या जनरेटरवर हात ठेवला. "हेमसिंगभाऊ, एकडाव मले ओढून पाहू द्या."

हेमसिंगने दांडी धरली. रंगूबाईंनी पदर खोचला आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला हेमसिंगने आपणहून दांडी सोडली आणि जनरेटर बोलू लागला. गाडीत बसल्यावर विकास म्हणाला, "तुले येते, हे मले माहीतच नोतं."

"तू कधी इचारलं?" रंगूबाई म्हणाल्या.

जनरेटर घराबाहेर टिनाच्या छपराखाली बसला, म्हणजे धूर पुंजाजींच्या छातीत जायला नको. वायरमनने लाइन बदलायचं बटण भिंतीवर लावून दिलं. विकास पुण्याला परत गेला. इकडे पुंजाजींना नवं खेळणं मिळालं. भेटायला कोणीही आलं की ते सिलिंडरची नळी नाकाला लावून छपराखाली जायचे आणि चावी फिरवून दाखवायचे. "अनसिंगात कोणाजवळ हाय?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता आत यायचे. चावी कधी बंद केली जायची, कधी राहून जायची.

एका दुपारी आभाळ मातीच्या रंगाचं झालं. कडुनिंब वाकला, कोणाच्या तरी घरावरचं टिन रस्त्यातून खडखडत गेलं आणि लाइन गेली. रंगूबाईंनी पुंजाजींना सिलिंडर लावला, भिंतीवरचं बटण फिरवलं आणि पावसातून धावत छपराखाली गेल्या. चावी फिरवली. टक झालं आणि संपलं. पुन्हा फिरवली, तर तेवढंही होईना. बॅटरी पाहुण्यांना दाखवण्यातच खर्ची पडली होती.

त्यांनी एका हाताने दांडी धरली आणि दुसऱ्याने दोरी ओढली. डोळ्यांसमोर ती निळी नखं येत होती. दांडी कधी आधी सुटे, कधी मागून सुटे. काही केल्या मेळ बसेना आणि त्यांना रडू यायला लागलं.

मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. पुंजाजी सिलिंडर ओढत दाराबाहेर आले होते.

"तुमी काहून उठले? आत जा, पडसान."

पुंजाजींनी बोलण्यात श्वास घालवला नाही. ते जनरेटरजवळ जमिनीवर बसले, हात लांबवला आणि दांडी धरली. मग मानेनेच दोरी दाखवली.

रंगूबाईंनी दोन्ही हातांनी दोरी पकडली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. "सोडा," त्या म्हणाल्या. हा शब्द आयुष्यभर त्यांनी ऐकला होता, म्हटला कधी नव्हता.

पुंजाजींनी दांडी सोडली. जनरेटरने एक ठोका घेतला, दुसरा घेतला आणि धरला. घरात दिवा लागला आणि ऑक्सिजनचं मशीन बुडबुडे सोडू लागलं. रंगूबाईंनी त्यांना धरून आत नेलं, बाजेवर बसवलं, मशीनची नळी लावली आणि लगेच त्यांची नखं पाहिली. ती चांगली गुलाबी होती. एवढा आनंद त्यांना विकासच्या जन्मानंतर झाला नव्हता.

वारा पडल्यावर शेजारची वच्छला मोबाईल चार्जिंगला लावायला आली. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. सगळ्या गल्लीत दिवा या एकाच घरात होता.

"भाऊजी, चालू तुमीच केलं असन," वच्छला म्हणाली. "इंजनवाले तुमीच ना."

स्वयंपाकघरात चहा गाळताना रंगूबाईंनी ऐकलं. आता मिशीवरून हात फिरणार, हे त्यांना पाठ होतं. फिरू दे, त्यांच्या मनात आलं. तेवढं सुख असू दे माणसाला.

"नाई," पुंजाजी म्हणाले. "रंगूनं केलं. म्या दांडी सोडली."

"तुमी दांडी सोडली?"

"हो. अन् आधीही..." त्यांनी श्वास घेतला. "आधीही एकट्याचं इंजन नोतंच ते. इतके साल तिनं दांडी येळेवर सोडली म्हणून माहा हात शाबूत हाय."

रंगूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांना कप दिले. एरवी रिकामा ट्रे घेऊन त्या आत वळायच्या. आज त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्या सगळ्यांसमोर पुंजाजींच्या शेजारी बाजेवर बसल्या. दोरीने लाल झालेले हात त्यांनी पदराखाली घेतले नाहीत, मांडीवर तसेच ठेवले.